मदत हवी आहे: अंधारात पिल्लांची जन्मवेळ कशी नोंदवावी?

नमस्कार मंडळी. बडोद्यात कोंबडीच्या पिल्लांवर इम्प्रिंटिंगचा (जन्मल्यावर लगेच दिसलेल्या हलत्या गोष्टीची ओढ लागणं) प्रयोग चालू आहे. २४ अंडी, तापमान ३७.५ अंश, १८व्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ टक्के. पिल्लं अंधारात उबवून प्रत्येकाला एकेकटं, फिरणाऱ्या लाल डब्यासमोर तासभर ठेवायचं, मग लाल की निळा ही निवड पाहायची.

अडचण वेळेची आहे. सगळी पिल्लं बाहेर यायला जवळपास २४ तास लागतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक एकहार्ड हेस यांच्या १९५९च्या कामात बदकपिल्लांचा यासाठी सर्वांत ग्रहणशील काळ जन्मानंतर १३ ते १६ तास निघाला होता. कोंबडीचे आकडे तेच धरत नाही, पण प्रत्येक पिल्लाचं वय तासात कळल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

लाल बल्ब लावून पाहिला, पण कोंबड्यांना लाल प्रकाश चांगला दिसतो, म्हणजे तो अंधार नव्हेच. दर दोन तासांनी उबवणी यंत्राचं झाकण उघडलं तर आर्द्रता कोसळते आणि कवचाच्या आतलं पातळ आवरण वाळून पिल्लू कवचात अडकतं. शिवाय एकत्र निघालेली पिल्लं एकमेकांच्या स्पर्शाला आणि आवाजाला सरावतात, मग डब्याकडे न जाता कोपऱ्यात चिवचिवत बसतात. म्हणून प्रत्येक अंड्याला जाळीचा वेगळा कप्पा केला आहे. आवाज मात्र अडत नाही.

पिल्लांना न दिसणाऱ्या ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्याचा कॅमेरा आत बसवायचा विचार आहे. अंडी वाढवता येणार नाहीत, परवानगी एवढ्याचीच आहे.

एवढ्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरू नये म्हणून कॅमेरा आत ठेवावा, की काचेबाहेरून? आणि जन्मवेळ कवचाला पहिली चीर गेल्यापासून धरता, की पिल्लू पूर्ण बाहेर आल्यापासून?