आरयू-४८६ चे बोलियो मेंदूकडे कसे वळले?

आरोही_जीवरसायन:
सप्रेम नमस्कार. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-एमिल बोलियो यांचे मे २०२५ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘गर्भपाताच्या गोळीचे’ (म्हणजे आरयू-४८६ चे) ‘जनक’ असाच होता. प्रत्यक्षात ही गोळी फ्रान्समध्ये मंजूर झाली १९८८ मध्ये, आणि मेंदूतील स्टेरॉइडांवरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१ चा आहे. पुढे तर ते वार्धक्य, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यांवरच काम करीत राहिले. याला निव्वळ विषयबदल म्हणावे, की दोहोंत काही आंतरिक सूत्र आहे? मी पदव्युत्तर वर्गात शिकते, त्यामुळे उत्तर तांत्रिक असले तरी चालेल.

ग्रंथिपुराण:
सूत्र आहे, आणि ते गोळीच्याही आधीपासूनचे आहे. १९६० च्या सुमारास बोलियोंनी दाखवून दिले की माणसाची अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी) डीएचईए हे स्टेरॉइड सल्फेटच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, रूपात रक्तात सोडते. तोवर अशी सल्फेटे म्हणजे शरीराने बाहेर टाकायचा माल, असाच समज होता. त्यानंतर न्यूयॉर्कला असताना त्यांची गाठ गर्भनिरोधक गोळीवर काम केलेल्या ग्रेगरी पिंकस यांच्याशी पडली आणि ते प्रजननाच्या प्रश्नांकडे ओढले गेले. डीएचईए मात्र त्यांनी कधीच सोडले नाही.

१९८१ चा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. उंदराची अधिवृक्क ग्रंथी डीएचईए जवळजवळ तयारच करीत नाही, तरीही पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील त्यांच्या गटाला उंदराच्या मेंदूत डीएचईए सल्फेट आढळले, आणि प्राण्याच्या अधिवृक्क ग्रंथी व वृषण काढून टाकल्यावरही ते नाहीसे झाले नाही. मग ते येते कुठून? मेंदू स्वतःच स्टेरॉइड बनवत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले आणि अशा स्टेरॉइडांना ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव दिले. संप्रेरक कुठे तयार होते आणि पेशीतल्या कोणत्या रिसेप्टरवर (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसते, हाच प्रश्न त्यांनी आधी गर्भाशयाला विचारला आणि मग मेंदूला.

औषधशास्त्राचा_मास्तर:
वरील उत्तराला औषधशास्त्राची बाजू जोडतो. प्रोजेस्टेरॉनचा (गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाचा) मोठा डोस दिला की उंदीर गुंगतात, हे हान्स सेल्ये यांनी १९४१ मध्येच नोंदवले होते. पण त्याचे कारण १९८६ मध्ये स्पष्ट झाले, जेव्हा मायेव्स्का, पॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नेनोलोन हे मेंदूची उत्तेजना शमवणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर बार्बिट्युरेटसारखे (गुंगीच्या औषधासारखे) काम करते. पाठ्यपुस्तकातले स्टेरॉइड पेशीकेंद्रकात शिरून जनुकांमार्फत तासांच्या हिशेबाने परिणाम घडवते. येथे परिणाम थेट आयन-वाहिनीवर आणि काही क्षणांत होतो. बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन एकदम घसरते व त्याबरोबर अ‍ॅलोप्रेग्नेनोलोनही, हे ध्यानात घेऊन प्रसूतिपश्चात नैराश्यासाठी ब्रेक्सानोलोन तयार झाले. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, परंतु ते सलग ६० तास शिरेतून द्यावे लागे. २०२३ मध्ये आलेले झुरानोलोन हे त्याच धर्तीचे औषध १४ दिवस तोंडावाटे घेता येते. ही औषधे बोलियोंची नव्हेत, पण हे क्षेत्र उभे करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

प्रसूतिकक्ष:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ‘जनक’ या उपाधीबद्दल माझा थोडा आक्षेप आहे. रेणू तयार केला तो रूसेल-युक्लाफ कंपनीत, १९८० मध्ये, जॉर्ज ट्युत्श आणि त्यांच्या सहकारी रसायनतज्ज्ञांनी, आणि तोही मुख्यतः कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाला अटकाव करणाऱ्या द्रव्याच्या शोधात असताना. तो प्रोजेस्टेरॉनचाही रिसेप्टर अडवतो, म्हणजे गर्भधारणा थांबवण्यासाठी वापरता येईल, हे ओळखून बोलियोंनी त्याचा चिकाटीने पाठपुरावा केला. ऑक्टोबर १९८८ मध्ये विरोधाला घाबरून कंपनीने औषध मागे घेतले, तेव्हा दोनच दिवसांत आरोग्यमंत्री क्लोद एव्हँ यांनी ते स्त्रियांची नैतिक मालमत्ता असल्याचे सांगून पुन्हा बाजारात आणायला लावले. भारतात मिफेप्रिस्टोनला (आरयू-४८६ चेच औषधी नाव) २००२ मध्ये मान्यता मिळाली. कॉर्टिसॉलविरोधी गुणही वाया गेला नाही: कुशिंग विकारातील (कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या विकारातील) वाढलेल्या रक्तशर्करेसाठी अमेरिकेत हे औषध २०१२ पासून मान्य आहे.

आरोही_जीवरसायन:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. उंदराच्या मेंदूत स्टेरॉइडांची सल्फेटे आढळतच नाहीत, असा २००४ चा एक निबंध वाचनात आला. मग १९८१ चा पायाच डळमळीत होत नाही का?

ग्रंथिपुराण:
तो निबंध बोलियोंच्याच सहकाऱ्यांचा असून लेखकांत त्यांचेही नाव आहे, ही मला त्यांच्या कारकिर्दीतली फार मोलाची गोष्ट वाटते. अधिक काटेकोर मोजणीत सल्फेटे सापडली नाहीत. आधीच्या पद्धतीने मोजले गेले होते ते मेदयुक्त स्वरूपातील इतर संयुगांमधून सुटलेले स्टेरॉइड असावे, असा निष्कर्ष निघाला. परंतु मेंदू स्टेरॉइड बनवतो हे विधान सल्फेटांवर अवलंबून नाही. कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन (इतर स्टेरॉइडांचा कच्चा माल) बनवणारे विकर (एन्झाइम) चेतासंस्थेच्या आधारपेशींत स्वतंत्रपणे सापडलेले आहे. १९९५ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले की परिघीय चेतातंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी स्वतः प्रोजेस्टेरॉन तयार करतात आणि इजेनंतर मायलिनचे आवरण पुन्हा चढायला त्याची मदत होते. ते सिद्ध करण्यासाठी उंदराच्या इजा झालेल्या चेतातंतूवर प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर अडवणारे द्रव्य लावले, तर आवरण नीट चढले नाही. आणि ते द्रव्य होते आरयू-४८६.