शब्दचर्चा : न वाजलेल्या शिट्टीला मराठीत काय म्हणावं?

कोर्टाबाहेरचा
एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सामन्यांबद्दल मराठीत लिहितो. अटीतटीचा सामना झाला की लीग दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल काढते. २०१५ पासूनची पद्धत. पंचांचे निर्णय त्यात चार खणांत पडतात : फाउल दिला ते बरोबर, दिला ते चूक, दिला नाही ते बरोबर, दिला नाही ते चूक. माझं अडतं शेवटच्या दोन खणांपाशी.

२८ जानेवारी २०२३, बॉस्टन, लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स. १०५-१०५ बरोबरी, अखेरचे क्षण, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स बास्केटकडे झेपावला. सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, चेंडू गेला नाही आणि शिट्टीही वाजली नाही. लेब्रॉन तिथेच गुडघ्यांवर बसला. ओव्हरटाइममध्ये सेल्टिक्सनी १२५-१२१ असा सामना घेतला. मी लिहिलं, ‘पंचांनी कानाडोळा केला.’ एकाने लगेच हटकलं की हा आरोप झाला, वर्णन नव्हे. तुम्ही काय लिहिलं असतं?

मुक्ता_सोलापूर
हटकणाऱ्याशी सहमत. कानाडोळा करणाऱ्याला दिसलेलं असतं, दिसूनही तो मान वळवतो. ‘दुर्लक्ष केलं’ थोडं सौम्य, पण जात तीच. पंचांबद्दल आपण एरवी काय बोलतो ते आठवून बघा : सामना ढापला, समोरच्याच्या घशात घातला, झुकतं माप दिलं. चूक झाली एवढंच सांगणारं क्रियापद पटकन जिभेवर येतच नाही.

पिवळा_जांभळा
येणार कसं? मुळात हेतू नव्हता हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोर्टवर तीन पंच होते. लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन पंचांकडे गेला, हा बघा फोटो म्हणाला. बक्षीस काय, तर टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाउल! ओव्हरटाइम सुरू होण्याआधीच सेल्टिक्सला एक फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाची मोकळी फेक. फिर्यादीलाच दंड. मी ‘ढापला’च म्हणणार.

कोर्टाबाहेरचा
फ्री थ्रो एक, फरक चारचा. आणि त्याच रात्री मुख्य पंचांनी चूक कबूल केली. पंचांच्या संघटनेनेही जाहीरपणे सांगितलं की या चुकीने आमची झोप उडणार आहे. ढापणारा असं बोलत नाही.

पिवळा_जांभळा
कबुलीचे गुण मिळत नाहीत.

रत्नागिरीकर
पंचांच्या निर्णयाला इंग्रजीत ‘कॉल’ म्हणतात, त्यासाठी ‘कौल’ घ्या की. उच्चारही जवळचा.

मुक्ता_सोलापूर
उच्चार जवळचा म्हणूनच नको. कौल देवाचा किंवा मतदारांचा. तुमच्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा उत्तर वर बसलेल्याचं असतं, त्यावर हुज्जत नसते. इथे तर दुसऱ्या दिवशी लीगच पंचांचा पंचनामा छापते.

रत्नागिरीकर
‘पंचांचा पंचनामा’ हे त्या अहवालाचं नाव म्हणून पक्कं करून टाका.

टेबलवरची
जिल्हा स्पर्धांना स्कोअरशीट लिहायला बसते, म्हणून कानावर पडतं ते सांगते. फाउल पंच ‘देतात’, खेळाडूवर ‘पडतो’ (‘सातला चौथा पडला’, म्हणजे सात नंबरच्या खेळाडूवर चौथा फाउल), आणि हुशार खेळाडू समोरच्याकडून ‘काढतो’. शिट्टी न वाजण्याचे मात्र दोन शब्द आहेत. पंचांनी फाउल ‘सोडला’, म्हणजे धक्का लागलेला दिसला, पण त्याने खेळात काही बिघडलं नाही म्हणून खेळ चालू ठेवला. फाउल ‘सुटला’, म्हणजे दिसलाच नाही. एक आडवा आला, कोन चुकला, काहीही. बाकावर बसलेली पोरं ‘सर, सुटला, सुटला!’ ओरडतात. तेच पोर ‘सर, सोडला तुम्ही’ म्हणालं की सर वळून बघतात.

तुमचा तिसरा खण ‘सोडला’, चौथा ‘सुटला’.

कोर्टाबाहेरचा
वा! ‘सोडला’मध्ये पंच कर्ता, ‘सुटला’मध्ये फाउल स्वतःच निसटलेला. लेब्रॉनचा सुटला.

मुक्ता_सोलापूर
जोडी सुरेख, तरी चौथा खण पुरता भरत नाही. पंचांनी बघितलं, विचार करून सोडला, आणि सोडणं चुकीचं ठरलं तर? तोही चौथ्यातच जाणार ना? तिथे ‘सुटला’ म्हटलं तर पंचांना फुकटची सवलत मिळते. आणि जिथे धक्काच नव्हता, तिथे तिसऱ्या खणात सोडणार तरी काय?

जुना_प्रेक्षक
माझी भर ‘निर्णय’ आणि ‘निवाडा’ यांबद्दल. म्युनिक ऑलिंपिक, १९७२ची फायनल. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका ५०-४९ पुढे, तीन सेकंद बाकी. ते तीन सेकंद तीनदा खेळवले. तिसऱ्यांदा कोर्टच्या या टोकापासून त्या टोकाला पास आला आणि अलेक्झांडर बेलोवने बास्केट केलं. सोव्हिएत संघ ५१-५०. ब्राझीलच्या पंचाने स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अपील पाच जणांच्या समितीपुढे गेलं, तिथे ३-२ असं फेटाळलं. अमेरिकेने रौप्यपदकं घेतली नाहीत ती नाहीतच. कोर्टवर झाला तो निर्णय, समितीने दिला तो निवाडा. बातम्यांत दोन्हींना सरसकट निर्णय म्हणतात, मग नक्की कुणाशी भांडायचं तेच कळत नाही.

टेबलवरची
मग ‘दाद’ही घ्या. २०१९-२०च्या हंगामापासून एनबीएत प्रशिक्षकाला चॅलेंज आहे. ‘आव्हान दिलं’ म्हणजे कुस्ती वाटते, ‘दाद मागितली’ नेमकं बसतं. पण दाद वाजलेल्या शिट्टीविरुद्ध. लेब्रॉनच्या वेळी शिट्टीच नव्हती, लेकर्स कशाविरुद्ध दाद मागणार?

पिवळा_जांभळा
हेच तर म्हणतोय. चुकून शिट्टी वाजली तर पुन्हा बघता येतं, चुकून नाही वाजली तर बसा गुडघ्यांवर. बरं, टिम डोनागीचं काय? पंचच होता ना? त्याचाही ‘सुटला’ का?

जुना_प्रेक्षक
त्याला ‘फितूर’ म्हणा. २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, पुढे पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. आतली माहिती सट्टेवाल्यांना पुरवली, म्हणून फितूर. मुद्दाम चुकीच्या शिट्ट्या वाजवल्याचं मात्र त्याच्यावर शाबीत झालेलं नाही, तेव्हा त्यालाही ‘सामने ढापले’ लिहिताना हात आखडता घ्या.

कोर्टाबाहेरचा
तूर्त असं करतो : योग्य शिट्टी, चुकीची शिट्टी, शिट्टी नको होती, शिट्टी हवी होती. तक्त्यात हे चार. मजकुरात जिथे पंचांचं म्हणणं कळलेलं असेल तिथे सोडला किंवा सुटला. ‘कानाडोळा’ काढला.

मुक्ता_सोलापूर
‘शिट्टी नको होती’ उलटं वाचलं जाईल. वाजली, पण वाजायला नको होती, असा अर्थ लागतो. तो तुमचा दुसरा खण झाला. ‘शिट्टी नाही, योग्य’ आणि ‘शिट्टी नाही, चूक’ असं सरळ लिहा.

कोर्टाबाहेरचा
बदललं. टेक्निकलला काही सुचतंय?

टेबलवरची
टेक्निकलच. शेंबडं पोरही टेक्निकल म्हणतं.