अमेरिकन कॉलेज फुटबॉल प्लेऑफचा अंदाज बांधताना नक्की काय बघता? आणि या अंदाजांपायी कोचचा बळी जातोय का?

शनिवार_म्हणजे_फुटबॉल

मंडळी, 19 जानेवारीला इंडियानानं मायामीला 27-21 नं हरवून ट्रॉफी उचलली तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतो. 2025 च्या सीझनआधीची एपी रँकिंग (पत्रकारांच्या मतांवरची) काढून बघा. टेक्सस 1, पेन स्टेट 2, क्लेमसन 4. या तिघांपैकी एकही टीम बारा टीमच्या प्लेऑफमध्ये नव्हती. इंडियाना तेव्हा 20 नंबरला होती आणि तीच 16-0 (16 जिंकून, एकही न हरता) करून चॅम्पियन झाली. आणि बायचं काय तर 2024 आणि 2025 मिळून आठ टीमना पहिल्या राऊंडला बाय मिळाला, म्हणजे तो न खेळताच पुढे गेल्या, त्यातल्या सात टीम पहिल्याच मॅचला गारद.

आता माझा खरा मुद्दा. हे ऑगस्टमधले अंदाज नुसते गप्पांपुरते राहत नाहीत, ते कोचच्या मानगुटीवर बसतात. जेम्स फ्रँकलिन 2014 पासून पेन स्टेटला, जानेवारी 2025 मध्ये सेमीफायनल खेळला, नोत्र दामकडून 27-24 नं हरला म्हणजे फायनल अगदी हातातोंडाशी आली होती. पुढच्या सीझनला ओरेगनकडून डबल ओव्हरटाइममध्ये हरला, मग तोवर एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएकडून, मग नॉर्थवेस्टर्नकडून एका पॉइंटनं, आणि 12 ऑक्टोबरला नारळ. सीझनआधी पेन स्टेट 2 नंबरला नसती, समजा 15 ला असती, तर तीन मॅच हरल्यावर ऑक्टोबरात काढलं असतं का? मला तरी नाही वाटत.

तर तुम्ही अंदाज बांधताना कशावर विश्वास ठेवता ते सांगा, आणि फ्रँकलिनला काढलं ते बरोबर होतं का तेही.

ट्रेंचवाला

बायवरून सुरुवात करतो कारण तिथे सगळे एकच आकडा घेऊन बसलेत. 2024 चा नियम वेगळा होता. तेव्हा बाय फक्त कॉन्फरन्स (टीमचा गट) चॅम्पियनला मिळायचा, त्यामुळे प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या कमिटीच्या रँकिंगमध्ये 9 नंबरची बॉइझी स्टेट तिसरी सीड (मानांकित) झाली आणि 12 नंबरची ॲरिझोना स्टेट चौथी. त्या हरल्या यात आश्चर्य काय, उलट ॲरिझोना स्टेटनं टेक्ससला दोन ओव्हरटाइमपर्यंत झुंजवलं. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) कार्सन बेक एसईसी या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये कोपर दुखावून बसला होता, बॅकअप घेऊन खेळले. आणि ओरेगन पहिली सीड असूनही समोर आली ओहायो स्टेट. म्हणजे ती चार उदाहरणं बाय वाईट असतो याचा पुरावा होऊच शकत नाहीत.

2025 ला नियम बदलला, रँकिंगमधल्या वरच्या चौघांना सरळ बाय. आता हे बघा. 6 डिसेंबरला इंडियाना आणि ओहायो स्टेट एकमेकांशीच खेळले, इंडियाना 13-10 नं जिंकली. दोघांना बाय, दोघांना जवळपास तितकीच सुट्टी. ओहायो स्टेट 31 डिसेंबरला मायामीकडून 24-14 नं हरली आणि इंडियानानं दुसऱ्या दिवशी रोझ बाऊलमध्ये अलाबामाला 38-3 नं लोळवलं. सुट्टी तीच, निकाल दोन टोकांचे. मग सुट्टीला कशाला दोष द्यायचा? मायामीच्या डिफेन्सिव्ह लाइननं (बचावाच्या पुढच्या फळीनं) ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकला उभं राहू दिलं नाही, ते खरं कारण. मी अंदाज बांधताना दोन्ही लाइन बघतो, बाकी पास झेलणारे रिसीव्हर कितीही देखणे असू देत. डिसेंबर-जानेवारीत दमलेल्या लाइनचा माज उतरतो आणि ते ऑगस्टच्या कुठल्याच रँकिंगमध्ये दिसत नाही.

फ्रँकलिनबद्दल, टॉप 10 टीमविरुद्ध त्याचा हिशोब 4-21 होता. तो आकडा एका सीझनचा नाही. पेन स्टेटच्या लोकांचा संयम आधीच संपत आलेला, ऑक्टोबर हे निमित्त झालं.

बकाय_मनापासून

मी कोचच्या दबावाबद्दल बोलणार, कारण मला ओहायो स्टेटचा कोच रायन डे याचा 2024 चा डिसेंबर विसरता येत नाही.

30 नोव्हेंबर 2024. घरचं मैदान, समोर 6-5 असलेली मिशिगन, सगळ्यांनी मॅच आधीच जिंकून ठेवलेली. देशातले सगळ्यात भारी रिसीव्हर आपल्याकडे असताना पुन्हा पुन्हा मधूनच पळायचा हट्ट, क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन (समोरच्यानं पकडलेले पास), किकर जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले आणि 13-10 नं हार. मिशिगनकडून सलग चौथी. डेचा तोवरचा रेकॉर्ड माहितीये? 66-10. आणि त्या रात्री लोक त्याला हाकला म्हणून ओरडत होते. स्वतःच्या घराला सुरक्षा ठेवायची वेळ आलेला कोच आहे हा, मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी बायकोबरोबर निधी उभा करणारा माणूस आहे, त्याच्या घरच्यांना काय वाटत असेल याचा विचार एका मॅचच्या रागात कुणी करत नाही हे मला फार लागतं.

मग पुढे काय झालं? टेनेसीला पहिल्या क्वार्टरमध्येच 21-0. ओरेगनवर 34-0 ची आघाडी, तीही मध्यांतराच्या आधी. टेक्ससला 28-14. आणि फायनल 20 जानेवारीला अटलांटात, नोत्र दाम 31-7 वरून 31-23 पर्यंत आलेली, शेवटची काही मिनिटं, थर्ड अँड इलेव्हन (तिसरा प्रयत्न, 11 यार्ड हवे). सगळं जग म्हणत होतं की इथे बॉल पळवून घड्याळ खाणार. डे आणि त्याचा ऑफेन्सचा कोच चिप केलीनं पास मागितला, हॉवर्डनं उंच टाकला आणि जेरमाया स्मिथनं 56 यार्डांवर उचलला. त्यानंतरचा फील्ड गोल कुणी मारला? फील्डिंगनं. मिशिगनला दोन हुकवलेल्या त्याच पोरानं, 34-23. ज्याला सात आठवड्यांपूर्वी लोक शहरातून घालवायला निघाले होते त्यालाच पुन्हा बोलावलं आणि त्यानं मारला.

समजा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजनं लोकांचं ऐकलं असतं तर? जुन्या चारच्या प्लेऑफमध्ये ती टीम आतच आली नसती आणि डे बहुतेक गेलाच असता. बाराच्या प्लेऑफनं त्याला वाचवलं. पण त्याच प्लेऑफनं फ्रँकलिनला, एलएसयूच्या ब्रायन केलीला अडकवलं, कारण आता बारात न येणं म्हणजे नापास, असंच समीकरण झालंय.

हिशोबी_मावळा

सगळ्यांबद्दल आदर आहे पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एमनं जिम्बो फिशरला काढलं तेव्हा त्याला देणं होतं साडेसात कोटी डॉलरच्या वर. ब्रायन केलीला एलएसयूनं 26 ऑक्टोबर 2025 ला काढलं, तिथे आकडा 5.4 कोटींच्या आसपास. न खेळवण्यासाठी एवढे पैसे मिळत असतील तर दबावाबद्दल किती हळहळायचं? आणि हे करार काही बोर्डानं हवेत लिहिलेले नाहीत, दर वेळी एक चांगला सीझन झाला की एजंट दुसऱ्या कॉलेजचं नाव पेपरात सोडतो, बोर्ड घाबरतं आणि दहा वर्षांचा गॅरंटीड करार देऊन मोकळं होतं. म्हणजे अपेक्षा वाढवण्यात कोचचाही हात असतोच की. दुसरीकडे जुलै 2025 पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर, तीही सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून. एका काढलेल्या कोचचे पैसे याच्या अडीचपटीहून जास्त. हे मला पटत नाही.

साइडलाइन_ताई

मावळा, हेड कोचपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण हेड कोच गेला की त्याच्याबरोबर सगळा स्टाफ जातो आणि त्यांच्याकडे असे कोट्यवधींचे करार नसतात. माझ्या मैत्रिणीचा नवरा अशाच एका स्टाफवर पोझिशन कोच होता, कॉलेजचं नाव नको. रविवारी सकाळी हेड कोचला काढल्याची बातमी त्याला फोनवर वाचून कळली आणि त्याच दुपारी त्याला तीन रिक्रूटच्या (टीममध्ये येऊ घातलेल्या शाळकरी पोरांच्या) आयांना फोन करायचे होते, त्यांना काय सांगायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मुलीची नवी शाळा बघायची की थांबायचं हे महिनाभर कळत नव्हतं. हे पैशाच्या आकड्यांत कुठेच येत नाही.

आणि कॅलेंडर बघा ना! 2025 चंच घ्या. 3 डिसेंबरला शाळकरी पोरांचे साइनिंग (कॉलेजशी करार) सुरू, 6 ला कॉन्फरन्स फायनल, 7 ला ब्रॅकेट जाहीर, 19 पासून प्लेऑफ, 2 जानेवारीला ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) उघडलं आणि 8-9 ला सेमीफायनल. म्हणजे सेमीफायनलची तयारी करायची, आपलं कोण जातंय ते थांबवायचं आणि नवीन कोण येतंय त्याच्याशी बोलायचं, सगळं एकाच आठवड्यात. यात कोच लेन किफिन 30 नोव्हेंबरला 11-1 असलेली ओल मिस सोडून एलएसयूला गेला, साइनिंगच्या तीन दिवस आधी. लोकांनी त्याला खूप शिव्या घातल्या, मलाही त्या पोरांसाठी वाईट वाटलं, पण एलएसयू प्लेऑफ संपेपर्यंत थांबली असती तर त्यांच्या हाती रिक्रूटही लागले नसते आणि पोर्टलमधलं कुणीही लागलं नसतं. कॅलेंडरच असं आहे की प्रामाणिक माणसालासुद्धा कुणालातरी दगा दिल्याशिवाय नोकरी बदलता येत नाही. आधी हे बदला, साइनिंग आणि पोर्टल दोन्ही फायनलनंतर न्या, मग कोचला नैतिकता शिकवा.

ट्रेंचवाला

ताई, कॅलेंडरवर शंभर टक्के सहमत. पोर्टल सेमीफायनलच्या आठवड्यात उघडं असणं हा खेळाशी अन्याय आहे.

शनिवार_म्हणजे_फुटबॉल

सगळ्यांचे आभार, फार छान उत्तरं आली. बकाय, तुमचा फील्डिंगचा किस्सा वाचून ती मॅच परत बघितली.

ताई, एक मात्र उरतं. कोच गेल्यावर टीम कोसळते असं धरून चाललो तर ओल मिसचं काय? किफिन गेल्यावर पीट गोल्डिंगच्या हाताखाली त्यांनी तुलेनला 41-10 नं हरवलं, मग शुगर बाऊलमध्ये जॉर्जियाला 39-34 नं, आणि सेमीफायनलला मायामीकडून 31-27 नं हरले, तेही शेवटपर्यंत लढून. मग अंदाज बांधताना कोच गेला याला किती महत्त्व द्यायचं? आणि उलट बाजूनं, इंडियानाचं आधी ओळखता आलं असतं का?

साइडलाइन_ताई

ओल मिसमध्ये हेड कोच गेला पण काम करणारे हात तिथेच राहिले. गोल्डिंग आधीपासून डिफेन्स चालवत होता, त्यामुळे त्या बाजूला काहीच बदललं नाही. ऑफेन्सचा चार्ली वाइस ज्युनियर एलएसयूच्या वाटेवर होता तरी प्लेऑफसाठी येऊन प्ले (पुढची चाल) सांगत होता. क्वार्टरबॅक चेंब्लिस कुठे गेला नाही. पोरांच्या कानात हेल्मेटमधून येणारा आवाज ओळखीचाच होता. कोच गेला अशी बातमी आली की मी आधी शोधते की प्ले कोण कॉल करणार. तो नवा असेल तर त्या टीमला मी पुढे नेत नाही.

इंडियानाचं ओळखता येत होतं, निदान ऑक्टोबरपर्यंत तरी. त्यांचा कोच सिग्नेटी 2023 च्या अखेरीस आला तेव्हा टीम 3-9 होती. जेम्स मॅडिसनहून तो आपले कोच आणि बरेच खेळाडू बरोबर घेऊन आला, म्हणजे सिस्टीम पहिल्या दिवसापासून पाठ असलेले लोक. 2024 ला 11-2. आणि त्यानंतर दोन्ही कोऑर्डिनेटर (ऑफेन्स आणि डिफेन्स चालवणारे कोच) टिकले, हे फार कमी ठिकाणी होतं. तरी लोकांनी 20 नंबर दिला कारण जर्सीवर इंडियाना लिहिलं होतं. फायनलमधला तो चौथा डाऊन आठवा, 17-14, फोर्थ अँड फोर (शेवटचा प्रयत्न, 4 यार्ड हवे), आधी फील्ड गोलची टीम मैदानात पाठवली, मग टाइमआउट घेऊन परत बोलावली आणि क्वार्टरबॅक मेंडोझाला मधून पळायला लावलं, 12 यार्ड, अंगावर मार खात टचडाउन. हरला असता तर त्या एका निर्णयावरून त्याला वर्षभर सोललं असतं.

हिशोबी_मावळा

ताई, स्टाफबद्दलचं तुमचं वाचून विचार केला. करारात असिस्टंटना किमान एक सीझनचा पगार सक्तीचा करावा, हेड कोचच्या रकमेतून कापून. ते मला योग्य वाटेल.

शनिवारभाऊ, एक गोष्ट वेगळी ठेवा. मैदानात कोण जिंकेल हा एक अंदाज आणि कमिटी कुणाला आत घेईल हा पूर्ण वेगळा. 2023 ला फ्लोरिडा स्टेट 13-0 असून बाहेर राहिली कारण क्वार्टरबॅक जखमी होता. 2025 ला नोत्र दाम आठवडेच्या आठवडे मायामीच्या वर होती आणि शेवटच्या दिवशी, दोघांनीही त्या आठवड्यात मॅच खेळलेली नसताना, खाली गेली, कारण ऑगस्टमध्ये मायामीनं त्यांना 27-24 नं हरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये ब्रॅकेट लिहायला बसाल तेव्हा बरोबरीच्या दोन टीम दिसल्या की त्यांची एकमेकांशी मॅच झालीये का ते आधी बघा, आणि पाच कॉन्फरन्स चॅम्पियनच्या जागा आधीच बाजूला काढा, नाहीतर 11 आणि 12 नंबरच्या टीम आत धराल आणि त्या बाहेर असतील.