दोन महायुद्धांमधल्या काळातला जगाचा नकाशा: छपाईचे वर्ष कसे ओळखावे?

प्रश्न:
कापडी अस्तर लावलेला जगाचा एक जुना राजकीय नकाशा माझ्याकडे आला आहे. त्यावर छपाईचे वर्ष कोठेही नाही. डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) स्वतंत्र नगर म्हणून दाखवले असल्याने तो १९२० ते १९३९ या काळातला असणार, एवढे कळते. मात्र तुर्कस्तानात ‘इस्तंबूल’ हे नवे नाव आहे, तर चीनमध्ये १९२८ सालीच बदललेले ‘पेकिंग’ अजून तसेच आहे. यातले कोणते खरे मानावे?

उत्तर १:
दोन्ही खरी, पण दोघांचे वजन सारखे नाही. काळ्या शाईने अक्षरे छापायचा साचा प्रकाशक वर्षानुवर्षे वापरत आणि त्यात निकडीपुरतीच दुरुस्ती करत. म्हणून जुने नाव केवळ आळस दाखवते, नवे नाव मात्र ‘याआधी नाही’ असे ठामपणे सांगते. परदेशीयांनीही ‘इस्तंबूल’च लिहावे असा आग्रह तुर्की सरकारने मार्च १९३० मध्ये धरला, तेव्हा तुमचा नकाशा बहुधा त्यानंतरचा आहे. ‘पर्शिया’वर मात्र विसंबू नका, कारण १९३५ मध्ये ‘इराण’ रूढ करण्याची विनंती होऊनही जुने नाव पुढे बराच काळ छापले जात होते.

आता अलीकडची मर्यादा शोधा, आणि ती नावांपेक्षा सीमांमध्ये शोधा. पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा ही फ्रेंच वसाहत १९३२ मध्ये मोडून शेजारच्या वसाहतींत वाटली गेली व १९४७ मध्येच पुन्हा उभी राहिली. हेजाझ आणि नेज्द यांचे सौदी अरेबिया सप्टेंबर १९३२ मध्ये झाले. ईशान्य चीनमध्ये जपानने उभे केलेले मांचुकुओ हे राज्य नकाशात नसण्यावरून मात्र काहीच ठरत नाही. बहुतेक देशांनी त्याला मान्यताच दिली नव्हती.

उत्तर २:
त्याआधी अक्षरांवर भिंग धरा. काळी अक्षरे रंगीत ठिपक्यांच्या जाळीची बनलेली दिसली, तर हाती आहे ती अलीकडची नक्कल, मग वर्षाचा खल व्यर्थ. (अस्तराला भुलू नये, ते कोणालाही लावता येते.)

प्रश्नकर्ता:
अक्षरे सलग काळी आहेत. अपर व्होल्टा वेगळ्या सीमेने दाखवली आहे, हेजाझ व नेज्दही आहेत. भिंग हातात होतेच म्हणून नॉर्वेही पाहिला: ओस्लो ठीक आहे, पण ट्रॉन्डहाइमच्या जागी ‘निदारोस’ असे बारीक अक्षरांत छापले आहे.

उत्तर १:
हे तर घबाडच! त्या शहराचे अधिकृत नाव ‘निदारोस’ फक्त १ जानेवारी १९३० ते ६ मार्च १९३१ एवढेच होते. नागरिकांना ते रुचले नाही आणि सरकारला माघार घ्यावी लागली. दुरुस्ती साच्यावर पोहोचायला लागणारा वेळ धरूनही मी १९३० किंवा १९३१ असेच लिहीन.