'सोंगाड्या'सारखं चावट, पण मायेचं: बतावणी कशी लिहावी?

उत्सवी_कलाकार
गणपतीत वीस मिनिटांची बतावणी, म्हणजे तमाशातला विनोदी संवादांचा भाग, बसवायची आहे. दोन पुरुष, एक बाई, एक ढोलकी. नमुना म्हणून 'सोंगाड्या' (1971) हा सिनेमा समोर ठेवलाय. संहितेत द्व्यर्थी विनोद भरपूर आहेत, पण वाचनाला बसलं की सगळं नुसतं अचकटविचकट वाटतं. दादा कोंडक्यांच्या तोंडी तसलंच वाक्य आलं की आजीसुद्धा तोंडाला पदर लावून हसते. फरक नेमका कुठे पडतो? आणि शेवटी गळा दाटून यावा, तर काय घालावं?

ढोलकीची_शाई
नमुना अगदी योग्य निवडलात. मराठीत इतका चावट आणि इतका निर्मळ सिनेमा दुसरा नाही, यावर पैज लावायला तयार आहे. कथा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. सबनीस आणि दादा ही जोडी त्याआधी 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याच्या प्रयोगांत घासूनपुसून निघालेली. कुठल्या शब्दावर पब्लिक पडतं आणि कुठल्या शब्दावर आखडतं, हे दोघांना रंगमंचावर कळलेलं होतं. पडद्यावर दिसते ती ही तालीम.

आता तुमचा घोळ. द्व्यर्थी वाक्याचा साधा अर्थ आधी पुरा लागला पाहिजे. तो लंगडा असला की वाक्य फक्त घाणीसाठी आलंय हे उघडं पडतं. समजा सोंगाड्याच्या, म्हणजे तुमच्या विनोदी पात्राच्या, हातात शेळीचं दावं आहे आणि तो बाईला म्हणतो, 'धरा की घट्ट, सुटलं तर गावभर हिंडंल.' शेळी, निदान दावं तरी, या वाक्याच्या आधी लोकांना दिसलेलं हवं. मग सोंगाड्या शेळीबद्दलच बोलतोय आणि पब्लिक आपल्या मनाने भलतीकडे गेलंय. चोरी त्यांची पकडली जाते, म्हणून ते हसतात. हेच वाक्य आधी टाकून नंतर शेळी आणलीत तर ते कोडं होतं. एकदा हसू येईल, दुसऱ्यांदा नाही.

दुसरं म्हणजे बोलणाऱ्याला दुसरा अर्थ ठाऊकच नाही. सिनेमातल्या नाम्याचा, म्हणजे दादांचा, चेहरा बघा. बंडी, ढगळ हाफपँट, लोंबती नाडी आणि डोळ्यांत निव्वळ भाबडेपणा. तुमचा नट वाक्य टाकून भुवई उडवत असेल किंवा जोडीदाराला कोपर मारत असेल, तर तिथेच माती. भुवई बंद करा, निम्मी संहिता आपोआप सुधारेल. खरंच.

ढोलकीची थाप वाक्याच्या शेवटच्या शब्दावर नको, हशा ओसरायला लागला की मारायची. आधी मारली तर हशा थापेखाली दबतो. आणि एका अर्थावर एकच विनोद. शेळीवर तीन वाक्यं झाली की चौथ्याला लोक घड्याळ बघतात.

खालची_बाल्कनी
वरच्या प्रतिसादात तंत्र आलं, मायेचं राहिलं.

'सोंगाड्या'त हसं होतं ते नाम्याचं. कलावतीचं नाही. उषा चव्हाणची कलावती तमासगिरीण आहे, पण सिनेमात सर्वांत शहाणं माणूस तीच. आईच्या पदराला धरून वाढलेला हा गडी तमाशाच्या नादाला लागतो, आई घराबाहेर काढते, तेव्हा आसरा कोण देतं? जिला गाव नावं ठेवतं ती. बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, चावटपणा आणि बोर्डामागे घरपण, ही उलटापालट म्हणजे सिनेमाचा जीव. तुमच्या संहितेतली प्रत्येक कोटी तपासा: ती बाईच्या अंगावर पडते की सोंगाड्याच्या अडाणीपणावर? बाईवर पडणाऱ्या सगळ्या काढा, किंवा तिला त्यावर सवाई उत्तर द्या. बतावणीत बाई निरुत्तर राहिली की प्रयोग आंबट होतो.

दुसरा खांब म्हणजे रत्नमालाबाई. त्यांनी रंगवलेली नाम्याची आई विनोद करायला जातच नाही. ती खरोखर चिडते, खरोखर दुखावते. आजूबाजूला सगळे सोंगं करत असताना एक माणूस सरळ वागलं तर काळजाला हात तिथूनच जातो. दादांची ती 'आये' ही हाक आधी हशा घेते. पण समोर खरी आई उभी आहे म्हणून तीच हाक पुढे पोटात कालवते. तुमच्याकडे तीनच पात्रं आहेत. त्यातल्या एकाला विनोद देऊच नका. शेवट लिहायला बसण्याआधी हे करा.

कडवट_पण_प्रेक्षक
दादांचा चाहता असूनही एक काडी टाकतो. सगळेच सिनेमे 'सोंगाड्या'च्या तोडीचे नाहीत. 'एकटा जीव सदाशिव' (1972) आणि 'पांडू हवालदार' (1975) इथवर माणूस आधी आणि कोटी मागून. पुढे पुढे कोटी शीर्षकातच येऊन बसली: 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'आली अंगावर', 'येऊ का घरात'. शीर्षक म्हणून फक्कड, सेन्सॉरला कात्री लावायला जागा नाही, कारण प्रत्येक वाक्य घराघरात बोललं जाणारं. पण विनोद पोस्टरवरच संपल्यावर आत शिल्लक काय राहणार? तुमच्या बतावणीचं नावही म्हणून साधंच ठेवा.

आणि एक. तमाशापटांतून येणारा नाच्या, म्हणजे बायकी हावभावांत नाचणारा पुरुष, आणि त्याच्या बायकी चालण्यावरचा हशा उचलू नका. तो जुना झाला म्हणून नाही, तो आयता आहे म्हणून. तिथे लिहिणाऱ्याने काही केलेलंच नसतं.

उत्सवी_कलाकार
शेळीचं कळलं. भुवईचं तर फारच कळलं. पण 'सोंगाड्या'त गाणी आहेत, इथे वीस मिनिटांत गाणं कुठे बसवू?

ढोलकीची_शाई
अख्खं गाणं नको, दोन ओळींची झील, म्हणजे साथीदारांनी धरायचं पालुपद, पुरे. हशा आणि रडू यांच्या मधे टाका. चावटपणातून एकदम दुःखात उडी मारली तर लोक दुःखालाही हसतात. त्या दोन ओळी म्हणताना सोंगाड्याने नाडी खोचायची, बंडी सरळ करायची, आणि झील थांबली की ढोलकी पूर्ण बंद. पुढचं वाक्य बिनसाथीचं जाऊ द्या.

खालची_बाल्कनी
आणि ते वाक्य बाईला द्या.