मूलभूत हक्क: आधी यादी पाठ करून घ्यायची की ते कसे बदलत गेले ते शिकवायचं?

खडूची_धूळ
दहावीला राज्यशास्त्र शिकवते. मूलभूत हक्क विचारले की पोरं सहा नावं धडाधड म्हणतात आणि विषय संपतो. यंदा मी यादी बाजूला ठेवली आणि अनुच्छेद २१ फळ्यावर लिहिला. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं एकच वाक्य. १९५० पासून त्यातला काना-मात्राही बदललेला नाही. त्याखाली सालं मांडली. १९५०, गोपालन खटला: कायद्यात लिहिलेल्या पद्धतीने डांबलं ना, मग पुरे. १९७८, मनेका गांधींचा जप्त पासपोर्ट: नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी. १९८५, ओल्गा टेलिस खटला, आपल्या मुंबईतल्या फूटपाथवरच्या माणसांचा: पोट भरायचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं. २०१७, नऊ न्यायमूर्ती: खासगीपणाही यातच येतो.
वाक्य तेच, अर्थ मात्र वाढत गेला. हक्क असेच शिकवावेत, असं माझं ठाम मत झालंय.

आधी_पाया
बाई, तुमचा वर्ग हुशार असेल. माझ्याकडे निम्म्या मुलांना हक्क आणि कर्तव्य यातला फरक सांगता येत नाही. त्यांना 'अर्थ बदलत जातो' सांगितलं की ती म्हणणार, मग पाठ कशाला करायचं, उद्या बदलेलच. आधी जमीन घट्ट हवी. शिवाय इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, त्यात या खटल्यांवर कोण प्रश्न विचारणार?

काळा_कोट
वकिली करतो. मला बाईंची पद्धत आवडली, पण त्यांनी १९७६ गाळलं आणि ते फार सोयीचं गाळलं. आणीबाणीत जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला, की बेकायदा डांबलं तरी दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. फूटपाथवाल्यांचा निकाल पुढे त्यांनीच लिहिला, आणि २०१७ ला त्यांच्या मुलाने जबलपूरचा निकाल चूक ठरवला. एवढं नाट्य सोडून तुम्ही सरळ चढती कमान दाखवता?

आधी_पाया
म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगायचं की सर्वोच्च न्यायालयानेच हात वर केले होते? मग त्याने विश्वास ठेवायचा कशावर?

काळा_कोट
खन्नांवर ठेवू दे.

एकर_दीड_एकर
मी शिक्षक नाही, पालक आहे. हक्क वाढतच गेले हे ऐकून हसू आलं. मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो त्या यादीतून गेला आणि अनुच्छेद ३००अ मध्ये साधा कायदेशीर हक्क होऊन बसला. आमची जमीन रस्त्यात गेली तेव्हा तो फरक कळला, शाळेत नाही. जमीनदारी मोडायला सुरुवातीच्या दुरुस्त्या लागल्या हे मान्य, पण मुलांना हेही सांगा की हक्क काढूनही घेता येतो, आणि तो संसद काढते.

खडूची_धूळ
१९७६ बद्दल कान पकडते. घाबरूनच गाळलं होतं, मुख्याध्यापक काय म्हणतील म्हणून.
आकसण्याचं उदाहरण मात्र वर्गात आपोआप निघालं. १९९३ मध्ये न्यायालय म्हणालं, चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा हक्क. २००२ मध्ये ८६ वी दुरुस्ती होऊन २१अ आला तेव्हा तो सहा ते चौदा झाला, सहाच्या खालचे मूलभूत हक्कातून सुटले. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मी पंधराचा आहे." मग प्रत्येकजण आपापलं वय मोजू लागला. तो तास पोरं विसरणार नाहीत.

आधी_पाया
ओल्गा टेलिसमध्ये शेवटी त्या लोकांचं काय झालं, हे सांगितलंत का? उपजीविकेचा हक्क मान्य झाला, पण फूटपाथ रिकामे करायला न्यायालयाने परवानगीच दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. मुलं हे विचारतीलच.

खडूची_धूळ
विचारलं. मी सांगितलं, खटला हरले. मग एक मुलगी म्हणाली, "मग धड्यात जिंकल्यासारखं का सांगता?" उत्तर देता आलं नाही. घंटा झाली म्हणून सुटले.

आधी_पाया
हं. नववीला घटक चाचणीनंतर एक तास मोकळा आहे. सहा हक्क पाठ झाल्यावर, त्याआधी नाही, फक्त ही एक गोष्ट करून बघतो. त्या निकालातले दोन-तीन परिच्छेद सोप्या मराठीत असतील तर द्या. इंग्रजीत असतील तर माझ्या वर्गात त्याचा उपयोग शून्य.

खडूची_धूळ
तयार नाहीत. शनिवारी बसून करते. वकीलसाहेब, तपासून द्याल का?

काळा_कोट
देतो. पावसाळ्याची ओळ गाळू नका.