भाड्याने दिलेले विमान: अपघात टाळण्याची मालकाची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न (नवखा वैमानिक, फीनिक्स, अमेरिका):
खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यापासून मी येथील एका फ्लाइंग स्कूलचे सेस्ना १७२ हे चार आसनांचे लहान विमान तासाच्या दराने भाड्याने घेतो. गेल्या महिन्यात विमानाच्या तक्रारवहीत आधीच्या वैमानिकाने ‘डावा ब्रेक दाबल्यावर पार तळाला जातो’ अशी नोंद केलेली दिसली. तिच्यापुढे दुरुस्तीचा उल्लेख नव्हता आणि कोणाची सहीही नव्हती, तरीही काउंटरवर मला चावी मिळाली. मी उड्डाण केले नाही. उड्डाणापूर्वीची तपासणी वैमानिकानेच करायची असल्यामुळे विमान योग्य आहे की नाही हेही त्यानेच ठरवावे, असे व्यवस्थापकांचे म्हणणे आहे. ते कायद्याला धरून आहे का?

उत्तर १ (विमान मेकॅनिक):
व्यवस्थापकांनी अर्धाच नियम सांगितला. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांतील ९१.७ प्रमाणे विमान सुरक्षित उड्डाणास योग्य आहे याची खात्री मुख्य वैमानिकाने करायची असते हे खरे, परंतु ९१.४०३ प्रमाणे ते उड्डाणयोग्य स्थितीत राखण्याची प्रथम जबाबदारी मालकाची किंवा विमानाचा कारभार चालवणाऱ्याची आहे. भाडेकरू इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी उतरले आहे का ते पाहील, तेल मोजेल, टायर तपासेल. इंजिनच्या आतल्या भागांची झीज त्याला बाहेरून कशी दिसणार? त्यासाठी तेल बदलताना फिल्टर कापून, त्यातील कागदाच्या घड्या उलगडून धातूचा कीस शोधावा लागतो आणि ते काम मालकाने सांगितले तरच होते.

वार्षिक तपासणी सहसा अशा सर्वच विमानांना लागते. शंभर तासांची तपासणी मात्र प्रशिक्षक आणि विमान दोन्ही एकाच ठिकाणाहून पुरवले जात असतील तर सक्तीची असते; चालक न देता केवळ भाड्याने दिलेल्या विमानाला ती लागू नाही. ही पळवाट मला अजिबात पटत नाही, कारण रोज चार अनोळखी हातांत जाणारे विमान आणि हँगरमध्ये झाकून ठेवलेले घरचे विमान यांची झीज सारखी नसते.

उत्तर २ (वकील):
नुकसानभरपाईचा प्रश्न थोडा निराळा आहे. फेडरल कायद्याच्या ४४११२ या कलमाने विमान प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात नसलेल्या मालकाला बरेच संरक्षण दिले आहे. तरीही फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, हे संरक्षण जमिनीवरील लोकांच्या हानीपुरते असून विमानातील प्रवाशाच्या मृत्यूला लागू नाही, असा निर्णय दिला. पुढे २०१८ मध्ये संसदेने कलमाची शब्दरचना बदलली. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा ही याहून वेगळी बाब आहे. सदोष विमान माहीत असूनही दिले, किंवा अपात्र माणसाच्या हाती सोपवले, असा आरोप झाल्यास ‘ताबा माझ्याकडे नव्हता’ एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. तुमच्या तक्रारवहीतील ती नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरते: मालकाला दोष कळवला होता, याचा तो लेखी पुरावा आहे.

उत्तर ३ (प्रशिक्षक, विमाने भाड्यानेही देतो):
मला विमानाइतकीच भाडेकरूची काळजी वाटते. प्रवासी न्यायचे असतील तर मागील ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावीत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. विमान भाड्याने देण्यापूर्वी प्रशिक्षकासह घ्यायची चाचणी मात्र सरकार मागत नाही, ती मालक आणि विमा कंपनी मागतात. फीनिक्सला सुमारे अकराशे फुटांवर शिकलेला माणूस जुलैच्या दुपारी तीन जणांना घेऊन डोंगरातील फ्लॅगस्टाफला, म्हणजे सात हजार फुटांवर उतरला, तर परतीच्या वेळी विरळ हवेत तेच विमान जेमतेम चढते. म्हणून डोंगरातील धावपट्ट्यांसाठी आम्ही वेगळी चाचणी घेतो, आणि वजनाचा हिशेब पाहिल्याशिवाय चावी देत नाही. यामुळे गिऱ्हाईक तुटते, हे मान्य आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ब्रेकची दुरुस्ती ‘पुढे ढकलली आहे’, असे आता मला सांगण्यात आले. तसे करता येते का?

उत्तर १ (विमान मेकॅनिक):
दिवसा उडणाऱ्या विमानाचा लँडिंग लाइट बंद असेल तर ९१.२१३ प्रमाणे तो निष्क्रिय करून, त्यावर ‘बंद’ अशी पट्टी लावून आणि तशी नोंद करून पुढे ढकलता येतो. चाकाच्या ब्रेकला ही सवलत मिळत नाही. दुरुस्तीची सही झालेली दाखवा, असे लेखी कळवा आणि तोवर त्या विमानाचे बुकिंग करू नका.